फळझाडांच्या फांद्यांचा कोन

सुरत, नवसारी व वलसाड हे जिल्हे आंबा आणि चिकू यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने या पट्ट्यातील आंबा बागांचे मोठे नुकसान केले. अशा वादळात खोडाशी अरुंद कोन करून वाढलेल्या फांद्या प्रथम फाटतात. बेचक्यात साल दबून राहिल्याने तेथील लाकूड एकजीव झालेले नसते. खोडाशी ४५ ते ६० अंशांचा कोन करणारी फांदी मात्र फळांचा भार व वारा अधिक चांगल्या प्रकारे पेलते. हा कोन कशावर अवलंबून असतो, हे म्हणूनच जाणून घेणे हिताचे आहे.

जनुकांचे कार्य

पेशींतील पिष्टमय कण वजनाने तळाशी बसतात व त्यावरून झाडाला खाली-वर यांची जाणीव होते. मग ऑक्सिन हे संजीवक फांदीच्या खालच्या बाजूस अधिक जमते, तेथील पेशी अधिक लांबतात आणि शेंडा वर वळतो. भातातील ‘लेझी-१’ हे जनुक सदोष झाले की फुटवे आडवे पसरतात. ‘टॅक-१’ या जनुकाचे कार्य उलट आहे. ते फांदीला बाहेरच्या बाजूस झुकते ठेवते. हे जनुक निकामी झालेल्या पीच झाडाच्या फांद्या खांबाप्रमाणे सरळ वर जातात, असे अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. झाडाची ठेवण कलमातून पुढे उतरते. दशहरी व नीलम यांच्या संकरातून निर्माण झालेली आम्रपाली बुटकी राहते, म्हणून ती घन लागवडीस योग्य ठरते.

प्रकाशाचा परिणाम

मोहरीच्या कुळातील एका लहान रोपावरील प्रयोगांत, अंधारात ‘टॅक-१’ मंदावते व फांद्या वर वळतात, असे २०१८ मध्ये आढळले. दाट बागेतही सावलीतल्या फांद्या प्रकाशासाठी उंच धावतात, आतील काड्या वाळतात व फळे शेंड्यावर जातात.

बागाइतदारांनी काय करावे?

जनुके बदलणे बागाइतदाराच्या हाती नाही. जात, अंतर व छाटणी मात्र त्याच्या हाती आहेत. दहा मीटर अंतरावर हेक्टरी १०० झाडे बसतात, तर पाच मीटरवर ४००. अंतर कमी केल्यास नियमित छाटणी अपरिहार्य होते. कोवळ्या कलमाचा शेंडा ६० ते ७० सेंटिमीटरवर खुडून निरनिराळ्या दिशांच्या तीन-चार फांद्या राखाव्यात. सरळ वर जाणारी कोवळी फांदी सुतळीने हलकेच बाहेर ओढून बांधावी. सुतळी सालीत रुतू देऊ नये. फळांची काढणी होताच मध्यभागी गर्दी करणाऱ्या फांद्या काढून झाड मोकळे करावे व कापांवर बोर्डो मलम लावावे.

शाळेतील प्रयोग

शिक्षकांनी कुंडीतील शेंगवर्गीय रोप आडवे ठेवावे. एक-दोन दिवसांत शेंडा वर वळलेला दिसेल. दुसरे रोप आडवे करून अंधाऱ्या खोलीत ठेवल्यास तेही वर वळते. झाडाला प्रकाशाखेरीज पृथ्वीच्या आकर्षणाचीही जाणीव असते, हे यावरून विद्यार्थ्यांना पटेल.

मोठ्या झाडाची फाटलेली फांदी पूर्ववत जोडता येत नाही. कोवळ्या कलमाला वळण लावणे मात्र एका सुतळीने साधते.