कुंडीतील वनौषधी भेट देताना : ओळख, निवड आणि निगा

धन्वंतरी जयंती, औषधालयाचा वर्धापनदिन, वैद्यसंमेलनातील सत्कार अशा प्रसंगी शाल-श्रीफळाऐवजी कुंडीतील रोप देण्याची प्रथा आपल्या व्यवसायबंधूंमध्ये आता चांगलीच रुळली आहे. आयुष मंत्रालयाने ३ सप्टेंबर २०२१ रोजी 'आयुष आपके द्वार' ही मोहीम सुरू करून वर्षभरात पंच्याहत्तर लाख घरांत औषधी रोपे पोहोचविण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हापासून तिला आणखी बळ मिळाले. २०१६ पासून धनत्रयोदशीस साजरा होणारा आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबर या निश्चित तारखेस होऊ लागल्याने अशा भेटींचे वर्षात दोन प्रसंग झाले आहेत. प्रथा स्तुत्य आहे, याविषयी दुमत नसावे. मात्र तिची एक बाजू फारशी बोलली जात नाही, ती येथे मांडण्याचे योजिले आहे.

फुलवाल्याकडून घेतलेले रोप लोक खिडकीत ठेवतात. वैद्याने किंवा औषधालयाने दिलेले रोप लोक खातात. देताना आपण एक शब्दही बोललो नाही, तरी घेणाऱ्याच्या दृष्टीने ती आपली चिकित्साच असते. 'वैद्यबुवांनीच दिले आहे' एवढ्या आधारावर पाने चावली जातात, काढे केले जातात, शेजारच्या गरोदर सुनेलाही दिले जातात. म्हणून औषध देताना जो विवेक आपण बाळगतो, तोच कुंडी देतानाही बाळगणे प्राप्त आहे.

देश पाहून निवड

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभी जांगल देशाचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना आपला कर्जत तालुकाच डोळ्यांपुढे उभा राहतो. मोकळे आकाश, विरळ झाडी, कोरडा वारा, अल्प पाऊस. तेथे सांगितलेले खैर, धावडा, बोर, शमी हे वृक्ष आपल्या परिचयाचे आहेत आणि हे वर्णन वाचले की रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आठवल्यावाचून राहत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे, उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि अनेक गावांना टँकरची वाट पाहावी लागते. ज्या घरात पिण्याचे पाणी मोजून वापरले जाते, त्या घरात रोज दोन तांबे पाणी मागणारे रोप देणे म्हणजे भेट देणे नव्हे, काम लावणे होय.

उपरोक्त मोहिमेच्या यादीत जटामांसीचेही नाव होते. ती हिमालयाच्या उंचीवरील वनस्पती, कर्जतच्या गच्चीवर ती काय तग धरणार! नागवेल आणि ब्राह्मी यांना आनूप देशाची ओल हवी. हौशी माणसाने त्या जरूर लावाव्यात, परंतु सरसकट वाटण्याची ती रोपे नव्हेत. अश्वगंधा आपल्या हवेस मानवते, पण तिचे मूळ हेच औषध आणि ते काढले की रोप संपले, म्हणून भेटीस ती सोयीची नाही. आमच्या मते आपल्या भागात निःशंकपणे देता येतील अशी रोपे थोडीच आहेत : कोरफड, गुळवेल, अडुळसा, पानओवा, आणि जेथे चार-पाच तास ऊन मिळते तेथे तुळस. जागा व पाणी दोन्ही असल्यास गवती चहा.

अडुळशाविषयी एक शब्द अधिक. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. गावाकडे, जेथे कुंपण नसलेल्या ओट्यावर कुंडी ठेवावी लागते, तेथे हा गुण फार मोलाचा आहे.

नाव एक, वनस्पती दुसरी

ओषधींचे नाव व रूप गुराखी, धनगर आणि वनवासी जाणतात, परंतु केवळ तेवढ्याने त्यांचा उपयोग कळत नाही, असे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. आज अडचण उलट झाली आहे. उपयोग आपल्याला पाठ असतात, रूप मात्र रोपवाटिकेतील पाटीवरून ठरते. आणि पाटी लिहिणाऱ्याला द्रव्यगुणाचे ज्ञान असावे, अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

गुळवेलीचे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिच्याशी साधर्म्य असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जाती वापरली गेली असावी, असा मुद्दा आयुष मंत्रालयाने त्यावर मांडला. या वादात कोणाचे किती बरोबर, याची चर्चा येथे करीत नाही. परंतु ज्याच्या हातून रोप जाते, त्याला दोन्ही जाती ओळखता आल्याच पाहिजेत. खऱ्या गुळवेलीचे (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) खोड हिरवट, त्यावरील साल कागदासारखी पातळ सुटणारी, तोडल्यावर दुधाळ चीक येत नाही, फळ गोल व लाल. क्रिस्पाचे खोड करडे आणि मसांसारख्या ठळक उंचवट्यांनी भरलेले, चीक दुधाळ, फळ लांबट व नारिंगी. कोवळ्या रोपावरून निर्णय करणे कठीण जाते. म्हणून बाजारातील रोप घेण्यापेक्षा खात्रीच्या, शक्यतो कडुनिंबावर चढलेल्या जुन्या वेलीचे बोटभर जाडीचे कांडे आणून आपणच कुंडीत लावावे. पावसाळ्यात ते सहज फुटते. एवढे करूनही, यकृतविकार किंवा स्वप्रतिकारजन्य व्याधी असलेल्या व्यक्तीला गुळवेलीची कुंडी न देणेच इष्ट.

शतावरीच्या बाबतीत फसगत अधिक सरसकट होते. कुंडीत सुंदर दिसणारी, नेच्यासारख्या आडव्या पसरलेल्या थरांची 'शतावरी' ही ॲस्पॅरॅगस सेटॅशियस ही शोभेची जाती होय. लोंबत्या फांद्यांची, चपट्या सुयांसारख्या पानांची दुसरी जातीही शोभेचीच. औषधातील शतावरी (ॲस्पॅरॅगस रेसिमोसस) ही काटेरी, वर चढणारी वेल आहे. सूतिकेला 'घरच्या शतावरीची मुळे' म्हणून शोभेच्या रोपाची मुळे दिली जाण्याचा संभव यातूनच निर्माण होतो. 'ब्राह्मी' या नावाने मंडूकपर्णी विकली जाते, हे तर जुनेच दुखणे. गोल, वाटीसारखी, कडेला दाते असलेली पाने म्हणजे मंडूकपर्णी, लहान, जाडसर, लांबट पाने म्हणजे ब्राह्मी. दोन्ही मेध्य असल्याने येथे हानी कमी, पण नाव तरी खरे सांगावे. पानओवा हा ओव्याचा वंश नव्हे, केवळ गंधाने तसा. पानफुटीला 'पाषाणभेद' म्हणून देण्याची चाल आहे. पाषाणभेद म्हणून सामान्यतः स्वीकारलेली बर्जेनिया ही हिमालयातील आहे. पानफुटीत हृदयावर कार्य करणारी द्रव्ये असतात आणि ती खाऊन गुरे दगावल्याची नोंद ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत आहे. गोठ्याजवळ ती कुंडी नकोच.

राहता राहिले 'इन्सुलिनचे झाड'. हे कॉस्टस कुळातील, मूळचे दक्षिण अमेरिकेतील झुडूप. संहितांत किंवा निघंटूंत त्याचा निर्देश नाही. मधुमेही रुग्ण त्याची पाने नेमाने चावतात, आणि साखर उतरली असे वाटून चालू औषध परस्पर कमी करतात. नावातच एवढा दावा असलेले रोप वैद्याने आपल्या हाताने देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याला कायद्याचीही बाजू आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मध्ये 'जाहिरात' या शब्दात लेबल व वेष्टनही येते, आणि ज्या रोगांवर दावा करण्यास मनाई आहे त्यांच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. औषधालयाच्या नावाची पट्टी लावलेल्या कुंडीवर 'मधुमेहावर रामबाण' असे लिहिणे औषधविक्रेत्यांना महागात पडू शकते.

शोभेतील विष

करवीर, लांगली, स्नुही ही उपविषे शोधनाशिवाय वापरू नयेत, हे आपण विद्यार्थिदशेत घोकलेले असते. तरीही बुटकी कण्हेर, फुललेली कळलावी, लाल फुलांचा काटेरी निवडुंग दिवाळीला रंगीत कुंडीतून आपणच भेट देतो! सध्या फार मागणी असलेले, फुगीर बुंध्याचे अडेनियम हे कण्हेरीच्याच कुळातील असून त्यातही हृदयावर घातक कार्य करणारी द्रव्ये आहेत. दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात सर्रास दिसणारे ठिपकेदार पानांचे डायफेनबाकिया लहान मुलाने चावल्यास त्यातील सूक्ष्म सुयांसारख्या स्फटिकांमुळे जीभ व घसा सुजतो. तोंड गार पाण्याने धुवावे आणि श्वासास त्रास होत असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. कण्हेर पोटात गेल्यास घरगुती उपचारात वेळ घालवूच नये.

हवा शुद्ध करणारी रोपे म्हणूनही बरेच काही विकले जाते. त्याचे मूळ अमेरिकेतील नासा संस्थेच्या १९८९ मधील प्रयोगात आहे, पण तो बंद पेटीतील प्रयोग होता. २०१९ मधील फेरआढाव्यात असे दिसले की, उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला दहा ते हजार रोपे लागतील. रोप सुंदर आहे एवढे कारण भेटीस पुरेसे असते.

निगा

आपल्याकडील बहुतेक रोपे पुणे-सोलापूर मार्गावरील उरुळी कांचन, सोरतापवाडी भागातील रोपवाटिकांतून येतात. तेथे ती हिरव्या जाळीखाली, दमट हवेत वाढलेली असतात. ती आणून दुसऱ्या दिवशी वाटली की आठवड्यात पाने गळतात आणि दोष घेणाऱ्याच्या माथी येतो. औषधालयाच्या ओसरीत दहा-पंधरा दिवस ठेवून, हळूहळू ऊन दाखवून मगच ती द्यावीत. याच काळात विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : मुळाशी कीटकनाशक ओतले आहे काय? अंतर्प्रवाही औषध पानापानांत उतरते, धुऊन जात नाही. तसे असल्यास ते रोप केवळ शोभेसाठी ठेवावे.

पिशवीतील निव्वळ कोकोपीट आपल्या हवेत वाळून आकसते, मग वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते आणि मूळ कोरडेच राहते. तसेच शेतातील काळी माती एकटी भरल्यास भेगाळते, पावसात चिखल धरते. दोन भाग गाळाची माती, एक भाग जुने कुजलेले शेणखत, एक भाग जाड वाळू हे मिश्रण आम्हांला समाधानकारक वाटले आहे. कोरफडीसाठी वाळू दुप्पट घ्यावी. कुंडीच्या तळाला छिद्र हवेच. उन्हाळ्यात मातीवर उसाच्या पाचटाचा दोन बोटे थर द्यावा, त्याने निम्मे काम होते.

बोअरचे पाणी जड असल्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो. महिन्या-दोन महिन्यांनी वरची माती बोटभर खरवडून नवी घालावी आणि पहिल्या मोठ्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून क्षार निथळू द्यावेत. पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी अधिकच क्षारयुक्त असते, ते घालू नये. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चालते. पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट पेराएवढे खुपसून पाहावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरफड पाण्यावाचून क्वचितच मरते, ती बहुधा अतिपाण्याने कुजते. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी रोज ओतून टाकावे. डेंग्यूचा डास तेथेच अंडी घालतो आणि वैद्याच्या भेटीतून तो घरी जाणे शोभणारे नाही.

तुळस खोलीत टिकत नाही, टेबलावर ठेवण्यासाठी ती देऊ नये. मंजिरी वेळेवर खुडल्यास ती दोन-तीन वर्षे टिकते. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास पाच टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा.

सोबतची चिठ्ठी

प्रत्येक कुंडीसोबत हाताच्या पंजाएवढी चिठ्ठी द्यावी. तीवर मराठी व शास्त्रीय नाव, ऊन किती, पाणी किती दिवसांनी, आणि एक निषेध एवढेच असावे. उदाहरणार्थ : 'कोरफड. सकाळचे ऊन. आठ-दहा दिवसांनी पाणी. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक रेचक आहे, तो निथळून टाकावा. गर्भवतीने पोटात घेऊ नये.' रोगांची यादी लिहू नये. 'पोटात घेण्यापूर्वी विचारा' ही ओळ मोठ्या अक्षरांत असावी आणि खाली दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक. कुंडी दिल्याची नोंद रुग्णपत्रिकेतही करावी, म्हणजे पुढील भेटीत रुग्णाने पाने घेण्यास सुरुवात केली आहे काय, हे नाडी पाहतानाच विचारता येईल.