दुर्बिणीचे वेळापत्रक

प्रचंड दुर्बीण उभारली की काम संपले, असा आपला समज असतो. वस्तुतः खरी व्यवस्था त्यानंतरच सुरू होते. रामाकोना स्थानकातून गाडी सुखरूप जाते ती केवळ इंजिनाच्या बळावर नव्हे; सिग्नल आणि वेळापत्रकही तितकेच लागते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी, तर १६ इंग्रजी ‘वाय’ आकारात सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या आहेत. साऱ्यांचे संकेत प्रकाशतंतूंतून एका केंद्रात येऊन जुळावे लागतात. म्हणून नियंत्रणकक्षात रात्रंदिवस पाळ्या चालतात.

दुसरा प्रश्न वाटपाचा. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या संशोधकांना खुली आहे. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात. तज्ज्ञांची समिती गुणवत्ता पाहून वेळ ठरवते. मागणी वेळेपेक्षा जास्त, तेव्हा काहींना नकार अटळ. एखादा तारा अकस्मात फुटला, तर संचालकांच्या अधिकारात वेगळा वेळ मिळू शकतो. जमलेली माहिती १८ महिने प्रस्तावकाकडे राहते, नंतर सर्वांना खुली होते. त्यामुळे श्रमाचा मानही राहतो आणि ज्ञानही कोंडत नाही.

हा अनुभव पुढेही कामी आला. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या ‘एसकेए’ या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या नियंत्रणव्यवस्थेचा आराखडा पुण्याच्या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाला.

विद्यार्थिमित्रांनो, ती खुली माहिती लहान गावातल्या महाविद्यालयातूनही अभ्यासता येते. तेथे गावाचे नाव कोणी विचारत नाही.