अपघात आणि कारणमीमांसा

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी विमानसेवा झपाट्याने विस्तारली. सुरक्षिततेची साधने मात्र मागे राहिली. १२ जुलै १९४९ रोजी दिल्लीहून मुंबईकडे येणारे केएलएम या डच कंपनीचे विमान ऐन पावसाळ्यात घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. सर्व ४५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते. पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ४८ जणांचा अंत झाला. आणखी बारा वर्षांनी, ७ जुलै १९६२ रोजी, जुन्नरच्या डोंगरात अलितालियाचे विमान कोसळले आणि ९४ जण दगावले. मुंबई जवळ आली असे समजून वैमानिकांनी वेळेआधीच उंची कमी केली होती.

डोंगर जागचा हलला नव्हता. आपण नेमके कोठे आहोत, याचा अंदाज चुकला होता. हे सारे नशिबावर सोडले असते, तर तेच पुन्हा घडत राहिले असते. परंतु अपघातांचा तपास होत गेला आणि १९७० च्या दशकात, जमीन धोकादायकरीत्या जवळ येताच वैमानिकाला सावध करणारी यंत्रणा विमानांत बसू लागली.

आपल्या लातूर परिसराने हाच धडा १९९३ च्या किल्लारी भूकंपात घेतला. दगडमातीच्या जड भिंतींखाली माणसे गेली, म्हणून पुनर्वसनात भूकंपरोधक घरे उभी राहिली. संकटानंतर ‘हे का घडले?’ असे विचारण्याची सवय आपल्या मुलामुलींना लागो. गेलेल्यांचे ऋण त्यानेच थोडेफार फिटेल.