येहुदा हालेवी यांचा प्रवास

बिरड्याच्या रोजाला सिनेगॉगमध्ये जी शोकगीते म्हणतात, त्यांत येहुदा हालेवी यांचे सियोनवरील गीत असते. आज आपण या कवीच्या प्रवासाकडे पाहू.

हालेवी सुमारे १०७५ साली स्पेनमध्ये जन्मले. तरुणपणी ते ग्रानाडाला गेले. तेथे मोशे इब्न एझ्रा या ज्येष्ठ कवीचे प्रोत्साहन त्यांना लाभले. पुढे तोलेदोत त्यांनी वैद्यकी केली. सियोनची ओढ त्यांनी स्पेनमध्ये असतानाच काव्यात मांडली होती.

साठी उलटल्यावर मात्र ते खरोखरच निघाले. सप्टेंबर ११४० मध्ये त्यांचे जहाज अलेक्झांड्रियास लागले. त्यांच्या समुद्रकाव्यांत खवळलेल्या लाटा आहेत, गोंधळून गेलेले खलाशी आहेत. त्याच काव्यांत स्पेनमध्ये राहिलेली एकुलती एक मुलगी आणि नातू येहुदा यांची आठवणही आहे.

मिसरमध्ये त्यांचा मोठा सत्कार झाला. हिंदुस्थानाशी व्यापार करणारे हल्फोन बेन नथानेल हे तेथील त्यांचे स्नेही. हालेवींनी नाईल नदीवरही आनंदाने कविता केल्या. मे ११४१ मध्ये ते पुन्हा जहाजात बसले आणि त्याच उन्हाळ्यात निवर्तले. कैरोच्या गनिझात सापडलेल्या पत्रांवरून हे कळते. यरुशलेमच्या वेशीवर घोडेस्वाराने त्यांना तुडविले, ही मागाहूनची दंतकथा होय.

यावरून आपण काय शिकावे? ओढ खरी असली तरी मागे राहिलेल्यांची आठवण येणे हा कमीपणा नव्हे. आपणही कोणाला तरी बंदरावर सोडूनच आलो आहोत.