बेसबॉलच्या खेळांतील बदली पिचर

क्रिकेट मुळींच ठाऊक नाहीं असा एकहि विद्यार्थी आमच्या शाळेंत सांपडणें कठीण. परंतु बेसबॉल हा अमेरिकन लोकांचा आवडता खेळ पाहिलेले फारच थोडे असतील. त्या खेळांतील एका कामगिरीची योग्यता लोकांच्या ध्यानीं येण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. तिची हकीकत येथें सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खेळाची रीत. क्रिकेटमधील गोलंदाजाच्या जागीं बेसबॉलमध्यें पिचर असतो. एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून तो साठ फूट सहा इंच अंतरावरील फलंदाजाकडे चेंडू फेकतो. मात्र चेंडू टप्पा न पडतां जावा लागतो. तीन गडी बाद झाले कीं डाव संपतो, व असे नऊ डाव प्रत्येक पक्षास मिळतात. क्रिकेटचा कप्तान थकलेल्या गोलंदाजास घटकाभर विश्रांति देऊन पुन्हां चेंडू त्याच्या हातीं देऊं शकतो. बेसबॉलमध्यें तसें नाहीं. एकदां काढून घेतलेला गडी त्या सामन्यांत परत येत नाहीं. म्हणून पिचर बदलावयाचा तो निरुपाय झाल्यावरच, असा जुना दंडक होता. आणि त्याच्या जागीं जो येई तो बहुधा आरंभापासून खेळविण्याच्या लायकीचा नाहीं म्हणून बाजूस बसविलेला गडी असे. सय यंग ह्या जुन्या काळच्या नामांकित पिचरनें ८१५ सामन्यांस सुरुवात केली व त्यांपैकीं ७४९ स्वतःच शेवटास नेले. बदली पिचरास काम तें कितीसें मिळत असेल, ह्याचा हिशेब वाचकांनींच करावा.

पुढें १९२४ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या संघानें फर्पो मार्बेरी ह्यास मुद्दाम ह्याच कामासाठीं राखून ठेवण्यास आरंभ केला. १९५० सालीं फिलाडेल्फियाच्या जिम कॉन्स्टंटीनें ७४ सामन्यांत बदली पिचर म्हणून खेळून नॅशनल लीगमधील त्या वर्षाच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविला. बदली पिचरास हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. हा गृहस्थ पूर्वीं शाळेंत शारीरिक शिक्षण देत असे, हें लिहितांना आम्हां शिक्षकांस थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील.

परंतु ज्याच्या हकीकतीनें मन अधिक हळहळतें तो गडी ह्या मोठ्या लीगांत कधींच खेळूं शकला नाहीं. १९४७ पूर्वीं कित्येक वर्षें तेथें काळ्या वर्णाच्या खेळाडूंस प्रवेश नव्हता. त्यांचे संघ व त्यांच्या लीगा निराळ्या असत. कॅन्सस सिटी मोनार्क्स हा त्यांतील एक बलाढ्य संघ. त्याचा पिचर सॅचेल पेज ह्याची कीर्ति एवढी कीं, त्यास पाहण्यासाठीं गांवोगांव लोकांची झुंबड उडे. वरचेवर त्यास मैदानांत उतरवावयाचें, तर हाताची शक्ति राखणें भाग. म्हणून पेजनें पहिले तीन डाव फेकावेत व उरलेले सहा हिल्टन स्मिथनें, असा परिपाठ पडला. स्मिथ कांहीं कमी प्रतीचा नव्हता. त्याचा वळणारा चेंडू भल्याभल्यांस चकवी. पण वर्तमानपत्रांत नांव पेजचें. ‘पेजचा बदली’ एवढीच स्मिथची ओळख! तीन डावांस कीर्ति व सहा डावांस विस्मृति, हें गणित कोणत्या शाळेंत शिकवितात कोण जाणे. कूपर्सटाउन गांवीं बेसबॉलपटूंचें कीर्तिमंदिर आहे. तेथें स्मिथचें नांव २००१ सालीं नोंदलें गेलें. तो स्वतः १९८३ सालींच वारला होता.

बदली पिचरांच्या उपेक्षेचें एक कारण अगदीं साधें होतें. त्यांचें काम लिहून ठेवण्यास वहींत रकानाच नव्हता! जय व पराजय, एवढेंच काय तें पिचरच्या नांवावर मांडीत. १९५९ सालीं पिट्सबर्गच्या एलरॉय फेसच्या खातीं अठरा जय व एकच पराजय लागला. लोक थक्क झाले. परंतु शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन ह्या बातमीदाराच्या ध्यानीं आलें कीं, त्यांपैकीं कित्येक सामन्यांत फेस आला तेव्हां त्याचा संघ पुढें होता, फेसनें ती आघाडी घालविली, आणि मग त्याच्याच फलंदाजांनीं धावा काढून सामना सोडविला. जय मात्र फेसचा. उलट ज्यानें आघाडी जशीच्या तशी सांभाळली त्याच्या नांवावर कांहींच नाहीं. म्हणून होल्ट्झमननें १९६० सालीं ‘सेव्ह’, म्हणजे राखलेला सामना, असा नवा रकाना काढला, व १९६९ पासून तो अधिकृत झाला. आजच्या नियमाप्रमाणें, तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असतां येऊन, निदान एक डाव फेकून जो सामना शेवटास नेतो त्यास तो मिळतो. आणखी पोटकलमें आहेत, तीं सोडून देतों. तीन धावा हातीं असतां एक डाव फेकणें फारसें अवघड नव्हे. तेव्हां हा रकानाहि निर्दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि कांहींच न लिहिण्यापेक्षां तो पुष्कळ बरा.

ह्या मंडळींत आमच्या विशेष आवडीचा हॉइट विल्हेम. दुसऱ्या महायुद्धांत तो युरोपांतील रणांगणावर जखमी झाला होता. मोठ्या लीगमध्यें पाऊल टाकावयास त्यास १९५२ साल उजाडलें. तेव्हां तो एकोणतीस वर्षांचा होता. बॅट प्रथम हातीं घेतांच त्यानें चेंडू कुंपणापार टोलविला, आणि नंतर उभ्या कारकीर्दींत तसें पुन्हां एकदांहि त्याच्या हातून झालें नाहीं! त्याचें कसब निराळें होतें. बोटांच्या टोकांनीं धरलेला चेंडू तो जवळजवळ न फिरवितां सोडी. फिरणारा चेंडू ठराविक वळणानें जातो. न फिरणाऱ्या चेंडूच्या शिवणीमुळें हवेचा प्रवाह कधीं ह्या बाजूस तर कधीं त्या बाजूस बिघडतो, आणि चेंडू फुलपांखरासारखा हेलकावे खातो. फलंदाज तर राहोच, स्वतःच्याच पक्षाच्या झेल घेणाऱ्यासहि तो सांपडेना; म्हणून बाल्टिमोरच्या संघानें १९६० सालीं मुद्दाम मोठा हातमोजा करविला. पन्नासाव्या वाढदिवसास थोडे दिवस उरले असतां, १९७२ सालीं, विल्हेमचा खेळ संपला. तोंवर त्याचे १०७० सामने झाले होते. १९८५ सालीं कीर्तिमंदिरांत गेलेला पहिला बदली पिचर तोच.

माइक मार्शलनें १९७४ सालीं एकाच मोसमांत १०६ सामने खेळले. मिशांस पीळ देणारा रॉली फिंगर्स १९७२ पासून तीन वर्षें लागोपाठ अजिंक्य ठरलेल्या ओकलंडचा आधार होता. त्यांच्याविषयीं अधिक लिहिण्यास येथें जागा नाहीं.

मारियानो रिव्हेरा हा पनामा देशांतील पोर्तो काइमितो ह्या कोळ्यांच्या गांवीं वाढला. हातमोजा घेण्याची ऐपत नसल्यानें मुलें दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा मोजा करून खेळत. न्यूयॉर्कच्या यांकीज संघांतून तो १९९५ पासून २०१३ पर्यंत खेळला व ६५२ सामने त्यानें राखले. हा आंकडा आजवर दुसऱ्या कोणीं गाठलेला नाहीं. त्याच्यापाशीं मुख्यतः एकच चेंडू होता. तो सरळ येत आहे असें वाटत असतां शेवटच्या क्षणीं चार बोटें बाजूस सरके, आणि डावखुऱ्या फलंदाजांच्या बॅटी मोडत. काय येणार हें आधींच ठाऊक असे. तरी उपयोग नसे. त्याच्या पाठीवरील ४२ हा आंकडा मूळचा जॅकी रॉबिन्सनचा. मोनार्क्समध्यें १९४५ सालीं खेळलेल्या ह्याच रॉबिन्सननें १९४७ सालीं वर्णभेदाची भिंत फोडली. त्याच्या सन्मानार्थ १९९७ सालीं तो आंकडा सर्व संघांतून काढून घेण्यांत आला. आधींपासून वापरणाऱ्यांस तेवढी मुभा होती, व त्यांतील अखेरचा रिव्हेरा. २०१९ सालीं कीर्तिमंदिराच्या मतदानांत ४२५ पैकीं ४२५ मतें त्यास पडलीं. असें पूर्वीं कोणाच्याहि बाबतींत घडलें नव्हतें.

परंतु पालकांनीं मुलांस सांगावी अशी हकीकत ह्या आंकड्यांत नाहीं. ४ नोव्हेंबर २००१ ची रात्र. ॲरिझोनाशीं अजिंक्यपदाच्या मालिकेंतील सातवा, निकालाचा सामना. यांकीज एका धावेनें पुढें, आणि नववा डाव रिव्हेराच्या हातीं. फलंदाजानें हलकेच पुढ्यांत टाकलेला चेंडू उचलून रिव्हेरानें जोडीदाराकडे फेकला, तो भलतीकडेच गेला. मग बरोबरी झाली, आणि लुइस गोन्झालेसच्या एका हलक्या फटक्यानें सामना हातचा गेला. न्यूयॉर्कमध्यें विजयाची मिरवणूक निघावयाची ती निघाली नाहीं. मिरवणूक नाहीं म्हणून एनरीके विल्सन हा त्याचा सहकारी ठरल्यापेक्षां लवकर आपल्या देशीं, डोमिनिकन प्रजासत्ताकांत निघून गेला. ज्या विमानानें तो जावयाचा होता तें १२ नोव्हेंबर रोजीं न्यूयॉर्कहून उडतांच कोसळलें, व त्यांतील सर्व २६० माणसें मेलीं. आपण तो सामना हरलों ह्याचा आपणांस आनंदच वाटतो, कारण त्यामुळें आपला मित्र अजून आहे, असें रिव्हेरानें पुढें बोलून दाखविलें.