सीपॅपच्या नळीत पाणी का साचते?

डिसेंबरमध्ये नागपूरहून एका ताईंचा आम्हाला सकाळी सकाळी फोन आला. "तुम्ही सांगितलं म्हणून यांना मशीन घेऊन दिली. आता रात्री तीन वाजता नाकात पाणी जातंय. हे म्हणतात, झोपेत बुडून मरायचं नाही मला. मशीन परत करतो."

ताईंचे यजमान ट्रक चालवतात. घोरणे तर होतेच, पण झोपेत त्यांचा श्वास थांबायचा आणि दिवसा गाडीवर डुलकी लागायची. तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला. झोपेत श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ बंद पडणे किंवा फारच कमी होणे, आणि हे तासाला पाच किंवा जास्त वेळा घडणे, म्हणजे हा आजार. पतसंस्थेचे कर्ज काढून सीपॅप घेतले. दोन महिने झोप चांगली लागली, रक्तदाबही थोडा उतरला. थंडी पडली आणि हे सुरू झाले. यंत्र परत गेले असते तर हा माणूस पुन्हा अर्धवट झोपेत स्टिअरिंगवर बसला असता. म्हणून या वेळी या पानावर हाच एक विषय घेतला आहे.

सीपॅप म्हणजे हवेचा दाब देणारा छोटा पंखा. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय प्रसिद्ध केला. नळी आणि मास्कमधून येणारा हवेचा दाब घशाचा मार्ग उघडा ठेवतो. पण रात्रभर अशी हवा लागल्यावर नाक-घसा कोरडा पडतो, नाक चोंदते, कुणाला नाकातून रक्त येते. त्यासाठी यंत्राला ह्युमिडिफायर असतो. पाण्याची छोटी टाकी, तिच्याखाली तापणारी पट्टी. हवा त्या कोमट पाण्यावरून जाताना ओलावा घेते.

घोटाळा होतो तो पुढे. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की आतल्या बाजूने थेंब ओघळतात, ते आपण रोज पाहतो. वाफ गार झाकणाला लागली की तिचे पाणी होते. नळीतही नेमके तेच होते. ३० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरते. तीच हवा १५ अंशांवर आली की १३ ग्रॅमच्या आसपासच धरू शकते. उरलेले पाणी जाणार कुठे? नळीच्या भिंतीला. नागपूर, नाशिककडे थंडीत रात्रीचा पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली जातो. सहा फुटांची उघडी नळी खोलीत गार पडते, टाकी मात्र तापलेलीच. मुंबई-ठाण्याकडे थंडी नाही म्हणून निर्धास्त राहू नये. एसीचा झोत नळीवर असेल तर तिथेही हेच होते.

म्हणजे यंत्र बिघडलेले नाही आणि हे पाणी फुप्फुसातून आलेले नाही. थेंब नाकात गेला की माणूस दचकून उठतो, खोकतो. झोप मोडते, घाबरायला होते, पण त्या थेंबांनी कोणी बुडत नाही.

आम्ही ताईंना पहिला प्रश्न विचारला, ओलावा कितीवर ठेवलाय? त्यांना माहीतच नव्हते. विकणाऱ्याचा माणूस आला, दहा मिनिटांत बटण दाखवून गेला, पुस्तिका इंग्रजीत. हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो आणि दर वेळी राग येतो. कर्ज काढून आणलेली वस्तू वापरायची कशी हे आपल्या भाषेत समजावून घेणे हा आपला हक्क आहे. दुकानदाराला पुन्हा घरी बोलवा, संकोच करू नका.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हवेचा दाब डॉक्टर ठरवतात, त्याला हात लावायचा नाही. ओलाव्याची पातळी मात्र वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, ती आपण कमी-जास्त करू शकतो. (यंत्राला ऑक्सिजन जोडलेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.) ताईंच्या यंत्रावर पातळी सहावर होती. आम्ही ती एकाने उतरवायला सांगितली आणि दोन-तीन रात्री थांबायला सांगितले. एकदम शून्यावर आणू नका, घसा सुकला की माणूस मास्क काढून फेकतो. नळीत गुडगुड आवाज, गालावर ओल, मास्कमध्ये थेंब म्हणजे ओलावा जास्त. सकाळी तोंड सुकलेले, नाक जळजळणारे म्हणजे कमी. या दोहोंच्या मधली आपली पातळी आपणच शोधायची असते.

दुसरे काम नळीला ऊब देण्याचे. बाजारात नळीचे कापडी खोळ मिळतात, पण ताईंनी जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून, जोडून शिवले. उत्तम काम झाले. नळी गोधडीखालून आणली तरी चालते, फक्त ती दुमडू नये. डोक्यावरून पांघरूण मात्र कधीच घेऊ नका. मास्कला बारीक छिद्रे असतात, त्यातून आपण सोडलेली हवा बाहेर जाते. ती झाकली तर तीच हवा पुन्हा आत येते. थंडीत तोंडावर गोधडी ओढायची आपली सवय इथे घातक आहे. यंत्राच्या हवा घेण्याच्या जागेवरही काही टाकू नका.

तिसरे, यंत्र डोक्यापेक्षा खाली ठेवा. ताईंच्या घरी ते खिडकीतल्या फळीवर, उशीच्या वर होते! मग नळीतले पाणी उताराने नाकाकडेच येणार. पलंगाशेजारी गादीच्या पातळीखाली, बुटक्या स्टुलावर ठेवले की थेंब मागे टाकीकडे जातात. जमिनीवर ठेवू नका, धूळ ओढली जाते. नळीचा झोळ लोंबकळला तर त्या खोलगटीत पाणी साचते आणि आवाज तिथूनच येतो. मध्यरात्री पाणी साचलेच तर मास्क काढून नळीचे ते टोक वर धरा, पाणी उतरू द्या, मग झोपा.

एवढे करूनही थेंब येत राहिले तर आतून तार असलेली गरम नळी मिळते. ती प्रत्येक यंत्राला बसत नाही, शिवाय महाग. आमच्या मते आधी स्वेटरची बाही, मग ही खरेदी.

पाण्याबद्दल. औषधाच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर घ्या. गाडीच्या बॅटरीत घालायचे पाणी नको, ते श्वासासाठी केलेले नसते. एखाद्या रात्री मिळाले नाही तर उकळून पूर्ण गार केलेले पाणी चालवून घ्या, पण रोज नको, क्षारांचा थर बसतो. निलगिरीचे तेल, कापूर, बाम, असे काहीही टाकीत घालू नका. ते वाफारा घेण्याचे भांडे नव्हे. टाकीवरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका. सकाळी उरलेले पाणी ओता, टाकी सावलीत सुकवा. आठवड्यातून एकदा मास्क, नळी, टाकी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळखळून घ्या. फिनाईल किंवा जंतुनाशक नको, त्याचा वास रात्रभर छातीत जातो. पाणी भरलेले यंत्र तिरके करून उचलू नका, पाणी मोटारीत शिरते. प्रवासात टाकी रिकामीच हवी.

नळीतल्या थेंबांपेक्षा आम्हाला शिळ्या पाण्याची भीती जास्त वाटते. ताप, पिवळा कफ, कमी न होणारा खोकला किंवा धाप असेल तर सेटिंग बदलत बसू नका, दवाखान्यात जा. पावसाळ्यात यंत्राचा फिल्टर दमट होतो, त्याच्याकडे अधूनमधून बघा आणि मच्छर अगरबत्ती त्याच्याजवळ लावू नका.

आठवड्याने ताईंचा पुन्हा फोन आला. पातळी चारवर आणली, बाहीचे खोळ, यंत्र स्टुलावर, आणि यजमान सलग सहा तास झोपले. "पण ताई, मार्चनंतर कूलर लागंल, तेव्हा?" त्यांनी विचारले. कूलरचा झोत नळीवर येऊ देऊ नका, आम्ही सांगितले, आणि खोली तापली की नळी गार पडत नाही, तेव्हा घसा सुकत असेल तर पातळी हळूहळू पुन्हा वर न्या.