ओम्नी मोडीत काढावी का?

होटगी स्टेशनच्या वाटेवर मामांचं किराणा दुकान आहे. दुकानाच्या कडेला २००६ सालची मारुती ओम्नी उभी असते, एमएच-१३ पासिंगची. भाची सोलापुरात गाड्यांचा विमा आणि आरटीओची कागदपत्रं यांचं काम करते. ओम्नीच्या नोंदणीची मुदत यंदा संपते आहे, म्हणून रविवारी चहा झाल्यावर मामांनी विषय काढला.

मामा : बरं झालं आलीस. परवा दुकानात एकजण सांगत होता, जुनी गाडी सरकारला दिली की नवीन गाडीसाठी सरकार पैसे देतं. किती देतं गं?

भाची : काहीच नाही. गाडी सरकारला द्यायची नसते आणि सरकार रोख पैसेही देत नाही.

मामा : मग पेपरात छापून येतं ते प्रोत्साहन कसलं?

भाची : ते सवलतीचं. २०२१ च्या अर्थसंकल्पात या धोरणाची घोषणा झाली आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला पंतप्रधानांनी ते जाहीर केलं. गाड्या मोडायची केंद्रं चालवणाऱ्याने चालवायची, सरकारने त्यांची नोंदणी करून नियम घालून द्यायचे. तुम्ही गाडी तिथं दिलीत की लोखंडाचे पैसे ते केंद्र देतं, सोबत एक प्रमाणपत्र देतं. त्याला 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' म्हणतात. ते दाखवून नवी गाडी घेतली की करात आणि फीमध्ये सूट. नवी घेतलीच नाही तर तुमच्या हातात फक्त लोखंडाचे पैसे.

मामा : म्हणजे खिशातून आधी पाच लाख काढायचे, मग सूट.

भाची : तसंच. मांडूया हिशेब. पाच लाखांची पेट्रोल गाडी धरा. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी कर अकरा टक्के, म्हणजे ५५,००० रुपये. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला या करात २५ टक्क्यांपर्यंत आणि धंद्याच्या गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, पण किती द्यायची ते राज्य ठरवतं. आपल्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये १५ टक्के ठरवली. ५५,००० चे १५ टक्के म्हणजे ८,२५०. नोंदणी फी ६०० रुपये, ती माफ. झाले ८,८५०.

मामा : बस्स?

भाची : बस्स. तेही नवी गाडी त्याच प्रकारची असली तर. मोटरसायकल मोडून कारच्या करात सूट मिळत नाही. मोडीत देताना गाडीचं वय किती होतं तेही बघतात. तुमची ओम्नी वीस वर्षांची, तेव्हा ही सूट तिला लागू होते का ते आरटीओत विचारल्याशिवाय हे ८,२५० धरूच नका.

मामा : आणि कंपनी? शोरूमवाला पण काही देतो म्हणे.

भाची : ऑगस्ट २०२४ मध्ये गडकरींबरोबर बैठक झाली, तेव्हा कार कंपन्या दीड टक्का किंवा वीस हजार, यातली जी रक्कम कमी असेल ती द्यायला तयार झाल्या. पाच लाखांवर साडेसात हजार. पण ती कबुली वर्षभरापुरती होती. आता ज्याची त्याची ऑफर. शोरूममध्ये लेखी घ्या, तोंडी नको.

मामा : लोखंडाचे किती?

भाची : धोरण आणताना सरकारने अंदाज दिला होता, नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के. पाच लाखांवर वीस ते तीस हजार. आपण वजनानेही बघू. रिकामी ओम्नी आठशे किलोच्या आतबाहेर. किलोला पंचवीस धरले तर वीस हजार. पण मामा, हे वीस हजार कुणी दिलेलं प्रोत्साहन नाही. ते तुमचंच लोखंड आहे.

मामा : अगं, कुंभारीचा एकजण तीच गाडी चाळीस हजाराला मागतोय!

भाची : तीच तर गोम आहे. चालती गाडी बाजारात जेवढ्याला जाते तेवढं मोडीत मिळत नाही, आणि मधला खड्डा भरून काढण्याइतकी सूट सरकार देत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नव्या गाडीची किंमत त्याने जेवढी उतरली त्याच्यापुढे ही स्क्रॅपची सूट किरकोळ आहे. आणि ती उतरलेली किंमत जुनी गाडी मोडणाऱ्यालाही आहे, न मोडणाऱ्यालाही आहे.

मामा : मग हे धोरण चालायचं कसं?

भाची : गाजर लहान आहे, छडी मोठी आहे. २०२१ ला ओम्नीचं रीपासिंग केलं तेव्हा सरकारी फी किती भरली होती?

मामा : सहाशे का काहीतरी. एजंटाने घेतले ते वेगळे.

भाची : १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारची तीच फी ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा दर आला, कारला १०,००० आणि मोटरसायकलला २,०००. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली तर कारला महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. सहाशेचे दहा हजार झाले की माणूस आपोआप विचार करायला लागतो. तुम्ही आज तेच करताय.

मामा : पण पंधरा वर्षं झाली की गाडी जप्तच करतात, पेट्रोल देत नाहीत, असं मोबाईलवर आलं होतं.

भाची : ते दिल्लीचं. दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला हरित लवादाने मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये तिथल्या पंपांवर जुन्या गाड्यांना इंधन बंद केलं, पण ओरड झाल्यावर ते थांबवलं. आपल्याकडे नुसत्या वयावर खासगी गाडी बाद होत नाही. तपासणीत पास झाली, पैसे भरले, की पाच वर्षांची मुदत मिळते. वयावर सरसकट बाद होतात त्या सरकारी गाड्या. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी पुढे चालत नाही. त्यात एसटीसुद्धा आली.

मामा : म्हणजे सरकारने स्वतःच्या गाड्या तरी मोडल्या.

भाची : आणि गंमत बघा, खरं रोख प्रोत्साहन तिथंच आहे. राज्यांनी जुन्या गाड्या मोडाव्यात म्हणून केंद्राने २०२३-२४ मध्ये राज्यांसाठी ३,००० कोटी रुपये वेगळे काढले. तुमच्या-आमच्या ओम्नीसाठी तशी पेटी नाही.

मामा : परदेशात तर थेट पैसे दिले म्हणे.

भाची : दिले. २००९ च्या मंदीत अमेरिकेने जुनी गाडी दिली की नव्या गाडीवर साडेतीन ते साडेचार हजार डॉलर द्यायला सुरुवात केली. तीन अब्ज डॉलरची योजना, दोन महिन्यांच्या आत संपली. पावणेसात लाखांवर गाड्या आल्या. जर्मनीने त्याच वर्षी अडीच हजार युरो दिले, तिथं वीस लाखांच्या आसपास गाड्या गेल्या. अमेरिकेत तर आलेली गाडी परत रस्त्यावर जाऊ नये म्हणून इंजिनातलं ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचे आणि इंजिन चालू ठेवायचे. काही मिनिटांत जाम!

मामा : चालतं इंजिन? अरे देवा! आपल्याकडे त्या इंजिनावर कुणी मळणीयंत्र चालवलं असतं.

भाची : आणि एवढं करून हाती काय आलं? आतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला. दोन महिन्यांत जेवढ्या गाड्या जास्तीच्या खपल्या, जवळपास तेवढीच विक्री पुढच्या सात महिन्यांत घटली. ज्यांना गाडी घ्यायचीच होती त्यांनी ती लवकर घेतली, एवढंच. म्हणून आपल्या सरकारने रोख दिले नाहीत याचं मला वाईट वाटत नाही. पण मग जाहिरातही तेवढ्याच बेताने करावी.

मामा : धुराचं म्हणशील तर इथं माझी ओम्नी काय करणार? आठवड्याला दोनदा सोलापूरला माल आणायला जाते. दिवसभर सिमेंटचे बल्कर आणि राखेच्या गाड्या जातात, त्यांचं बघा म्हणावं.

भाची : बरोबर आहे. धूर ठरतो तो गाडी किती जुनी आहे आणि किती पळते या दोन्हींवर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. त्याआधीचा जुना डिझेल ट्रक रोज दोन-अडीचशे किलोमीटर पळत असेल, तर तो एक मोडून जे साधेल ते आठवड्याला दोनच फेऱ्या मारणाऱ्या दहा ओम्नी मोडूनही साधणार नाही. माझ्या मते सूट द्यायची तर तिथं भरघोस द्यावी. पण एका ट्रकवर घर चालवणाऱ्या माणसाला नवा ट्रक म्हणजे नवं कर्ज, १५ टक्के करसवलतीने त्याचा हप्ता भरला जात नाही.

मामा : आणि ट्रॅक्टर?

भाची : जुन्या गाड्यांच्या विल्हेवाटीचे नवे नियम एप्रिल २०२५ पासून लागू आहेत, त्यातून शेतीचे ट्रॅक्टर वगळलेत. त्याची काळजी नको.

मामा : मग सरळ सांग. सूट नाही, भाव नाही, तर त्या केंद्रावर जायचं कशाला? हायवेच्या कडेचा भंगारवाला दारात येऊन पैसे मोजून गाडी नेतो.

भाची : आणि आरसी बुक?

मामा : ते माझ्या कपाटात राहील की.

भाची : इथंच माणूस फसतो. गाडी गेली, पण आरटीओच्या दफ्तरात ती तुमच्याच नावावर. चेसिस नंबरचा पत्रा कुणी चोरीच्या गाडीला जोडला तर पोलीस होटगीत तुमच्याकडे येणार. किंवा भंगारवाल्याने ती मोडलीच नाही, किरकोळ दुरुस्ती करून कुणाला विकली, आणि अपघात झाला तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. मूळ मालकाने गाडी विकून टाकली होती, ती पुढे आणखी हात फिरली, मग अपघात झाला. न्यायालय म्हणालं, दफ्तरात ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची.

मामा : विकलेल्या गाडीची?

भाची : विकलेल्या गाडीची. म्हणून माझ्या लेखी या सगळ्या धोरणात सर्वांत मोलाची गोष्ट सूट नाही, तो कागद आहे. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की आधी ती चोरीची आहे का, कर्जाचा बोजा आहे का, हे ते तपासतात. बॅटरी, इंधन, ऑइल, गॅसची टाकी वेगळी काढतात, मग कापतात. उघड्यावरच्या भंगारात तेच ऑइल जमिनीत मुरतं. चेसिस नंबरचा तुकडा कापून सहा महिने जपून ठेवावा लागतो. गाडी आत घेतली की डिपॉझिटचं प्रमाणपत्र आणि मोडून झाल्यावर 'सर्टिफिकेट ऑफ व्हेईकल स्क्रॅपिंग'. त्यावर नोंदणी रद्द होते आणि तुमचं नाव सुटतं. नवी गाडी घ्यायची नसेल तर डिपॉझिटचं प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं. फक्त त्याला मुदत असते, कपाटात विसरू नका.

मामा : जवळ कुठं आहे असं केंद्र?

भाची : परिवहन खात्याच्या पोर्टलवर यादी असते, त्यात नाव असेल तरच जायचं. टाटा मोटर्सचं पुण्याकडे आहे, म्हणजे इथून अडीचशे किलोमीटर. टोचन करून न्यायची तर निम्मं लोखंड भाड्यातच जाईल. म्हणून आधी विचारायचं, गाडी न्यायला तुम्ही येणार का आणि भाडं कुणाचं.

मामा : मग ओम्नीचं काय करू?

भाची : इंजिन चांगलं आहे?

मामा : एका चावीत चालू होते. पत्रा मात्र खालून सडलाय.

भाची : पत्रा बदलून तपासणीत पास होईल असं मेकॅनिक म्हणाला तर दोनच वाटा. ठेवायची असेल तर मुदतीच्या आत दहा हजार भरून रीपासिंग करा. विकायची असेल तर कुंभारीच्या माणसाला चाळीस हजाराला द्या, पण त्याच्या नावावर ट्रान्सफर झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. मेकॅनिक नाही म्हणाला तर केंद्रात द्या, कमी मिळाले तरी. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ तेच सांगतं.

मामा : आणि सुटीसाठी नवीन गाडी?

भाची : नवी गाडी लागत असेल तर घ्या. आठ-नऊ हजारांच्या सुटीसाठी पाच लाखांचं कर्ज काढायचं नसतं. आणि भंगारवाल्याची पावती, ती छापील असो, शिक्का मारलेली असो, आरटीओत चालत नाही.